सेल्फला हात लावण्याआधी: वर्षानुवर्षं उभ्या ट्रकचं इंजिन सुरू करताना

गोठ्यामागे किंवा जिनिंगच्या आवारात उभा असलेला ट्रक सुरू करायचं ठरलं की पद्धत बहुतेक ठिकाणी एकच. ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायची, टाकीत कॅनभर डिझेल ओतायचं, आणि तेवढ्यात कुणीतरी म्हणतोच, "एक डाव सेल्फ त मारून पाहू!" सेल्फने (स्टार्टर मोटरने) घेतलं नाही तर ट्रॅक्टरला साखळी लावून ओढायचं. आपल्याकडे उभ्या गाड्यांची इंजिनं गंजापेक्षा या घाईने जास्त जातात, असं माझं मत आहे.

कारण साधं आहे. बरीच वर्षं उभ्या इंजिनाच्या बेअरिंगवरचं ऑइल उतरून गेलेलं असतं. पिस्टनवरच्या रिंगा लायनरला (सिलिंडरच्या आतल्या अस्तराला) चिकटलेल्या असतात. एखाद्या सिलिंडरमध्ये पाणीही असू शकतं, आणि पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. सेल्फ निदान हरतो तरी, ट्रॅक्टर हरत नाही. तो ओढतच राहतो आणि आत काय तुटलं ते हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवल्यावर कळतं.

इथली माहिती यांत्रिक डिझेल पंपाच्या जुन्या डिझेल इंजिनांसाठी आहे: टाटाची ६९२, ६९७, ४९७ आणि त्या काळातली लेलँडची इंजिनं. सेन्सर आणि कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कॉमन रेल इंजिनाला हे जसंच्या तसं लावू नका.

क्रम मुद्दाम असा ठेवला आहे: आधी हाताने फिरवणं, मग पाणी, मग ऑइल, मग इंजिन बंद करण्याची खात्री, आणि डिझेल शेवटी. बहुतेक जण डिझेलपासून सुरुवात करतात. तीन-चार दिवस हाताशी ठेवा, त्यातला बराच वेळ नुसता वाट पाहण्यात जाईल. दिवाळीनंतरचे दिवस या कामाला चांगले. मे महिन्यात दुपारी बॉनेटवर हात टेकवत नाही, आणि पावसाळ्यात उघडं ठेवलेलं इंजिन रात्रीतून ओलावा धरतं.

टप्पा १ : जागा, जनावर आणि जुनी माहिती

चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ओट लावा. हँडब्रेकवर विसंबू नका. हवेचे ब्रेक असतील तर टाकीत हवा नाही, म्हणजे पायाचा ब्रेकही नाही. गिअर न्यूट्रलला आहे ना, ते गिअर हलवून बघा.

बॉनेट उघडताना आधी काठी, मग हात. बॅटरीच्या पेटीत साप, चेसीच्या खाचेत विंचू आणि केबिनखाली गांधील माशांचं पोळं, हे आपल्याकडे नेहमीचंच. उंदराचं घरटं उघड्या हाताने काढू नका. हातमोजे घाला, नाकाला फडकं बांधा.

मग गाडी शेवटची चालवणाऱ्या ड्रायव्हरला गाठा. चालू गाडी उभी केली होती, की काही बिघडलं म्हणून उभी राहिली? "पाणी खात होती", "ऑइल पांढरं झालं होतं" असं उत्तर आलं तर पुढचे टप्पे करत बसू नका. हेड उतरवल्याशिवाय ते इंजिन सुरू करण्यात अर्थ नाही.

तपासा: ऑइलची पट्टी काढा. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल तर ऑइल वाढलेलं नाही, त्यात पाणी किंवा डिझेल उतरलं आहे. चेंबरचा (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीचा) नट अगदी थोडा सैल करा. पाणी जड असल्याने तळाशी असतं आणि आधी तेच बाहेर येतं. शंका असेल तर तापलेल्या पत्र्यावर लांबून दोन थेंब टाका. तडतडलं तर पाणी.

टप्पा २ : हवेची वाट

एअर क्लीनर पूर्ण उतरवा. ऑइल बाथचा असेल तर खालच्या वाटीत चिखल झालेला असतो, तो खरवडून डिझेलने धुवा. क्लीनरपासून मॅनिफोल्डपर्यंतचा प्रत्येक पाइप काढून आरपार बघा. कुंभारीण माशीची मातीची घरं, उंदराने नेलेला कापूस, सोयाबीनचे दाणे असं काहीही निघतं. यातलं काही आत ओढलं गेलं तर व्हॉल्व्हखाली अडकतं.

सायलेन्सरचं तोंडही बघा. ते वर वळवलेलं आणि उघडं असेल तर पावसाचं पाणी मॅनिफोल्डपर्यंत गेलेलं असू शकतं. इंजिन थांबतं तेव्हा एखाद-दुसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडाच राहतो आणि ओल नेमकी तिथे शिरते. म्हणूनच पाच सिलिंडर चकचकीत आणि सहावा गंजलेला, असं दिसतं.

टर्बो असेल तर त्याचा पंखा बोटाने फिरवा. सहज फिरला पाहिजे आणि बाजूच्या भिंतीला घासता कामा नये.

टप्पा ३ : इंजिन हाताने फिरवणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टर) काढण्याआधी त्यांच्या भोवतीची माती ब्रशने आणि हवेने साफ करा, नाहीतर नोझल निघताच ती सिलिंडरमध्ये पडते. पाइपांना क्रमांकाची चिठ्ठी बांधा. पाइपांची आणि पंपाची उघडी तोंडं स्वच्छ टोप्यांनी बंद करा. तोंडात कापसाचा बोळा कोंबू नका. कापूस आपल्याकडे घरोघरी आहे म्हणून लोक तोच वापरतात, पण त्याचा एक तंतू नोझलचं बारीक भोक बंद करायला पुरेसा आहे. नोझलखालचा तांब्याचा वॉशर बाहेर आला की नाही ते पाहा आणि बसवताना नवा टाका.

आता प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन मोठे चमचे पातळ तेल सोडा. पॉवर स्टीअरिंगचं एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड) आणि स्वच्छ डिझेल निम्मं-निम्मं चालतं. भोकांवर स्वच्छ कापड झाका आणि दोन दिवस इंजिनाला हात लावू नका. रोज सकाळी थोडं तेल परत सोडा, बस.

तोवर टॅपेट कव्हर (व्हॉल्व्हवरचं वरचं झाकण) उघडा. रॉकर, स्प्रिंगा आणि पुशरॉडच्या टोकांवर ऑइल सोडा. एखादा व्हॉल्व्ह खालीच अडकलेला असेल तर इंजिन फिरवताच पिस्टन त्यावर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकू शकतो. प्रत्येक स्प्रिंगची उंची डोळ्यांनी ताडून बघा. एक वेगळी दिसली, आणि रॉकर तिला दाबत नसेल, तर त्या व्हॉल्व्हच्या दांड्यावर तेल सोडून प्लास्टिकच्या हातोडीने हलकं ठोका. लोखंडी हातोडी नको.

तिसऱ्या दिवशी फॅन बेल्ट काढा आणि पुढच्या क्रँक पुलीच्या बोल्टला सॉकेट व लांब टॉमी (फिरवायचा दांडा) लावा. इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेला सावकाश जोर द्या. हललं तर लगेच पूर्ण फेरा मारू नका. थोडं पुढे, थोडं मागे, परत थोडं पुढे. मागे नेताना बोल्ट सैल होत नाही ना, याकडे लक्ष ठेवा.

हललंच नाही तर लायनरला दोष देण्याआधी हे बघा:

१. सेल्फ उतरवा. त्याची पिनियन फ्लायव्हीलच्या दात्यात अडकली असेल तर इंजिन जाम असल्यासारखंच वाटतं.
२. हवेचा कॉम्प्रेसर इंजिनाला जोडलेला असतो. तो जाम झाला तरी इंजिन फिरत नाही.
३. पंपाचा ड्राइव्ह मोकळा करून पाहा. पंप अडकला असेल तर जोर लावल्यावर आतल्या भागांचंच नुकसान.

तिन्ही मोकळे असूनही हलत नसेल तर आणखी आठवडाभर तेल मुरू द्या. टॉमीवर पाइप चढवून दोघं-तिघं लटकायची वेळ आली म्हणजे हेड उतरवायची वेळ आली. त्याहून पुढे गेलात तर बोल्ट तुटतो किंवा रिंगा तुटतात.

सावध: फ्लायव्हीलच्या खिडकीतून सब्बल घालून दात्यांवर जोर देऊ नका. गाडी गिअरमध्ये टाकून ढकलू नका. ओढून तर नकोच.

तपासा: इंजिन मोकळं झालं की पूर्ण दोन फेरे हाताने मारा. या दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडून एकदा बंद व्हायलाच हवा. एक जण टॉमीवर, दुसरा टॅपेटवर नजर ठेवून. फिरवताना नोझलच्या भोकातून गंजाचं लाल तेल किंवा पाणी उडतं, तेव्हा त्याच्या रेषेत तोंड नको.

टप्पा ४ : पाणी, ऑइलच्या आधी

नवं ऑइल भरून मग पाणी भरायचं, हा उलटा क्रम आहे. लायनरच्या रबरी रिंगा किंवा हेड गॅस्केट वाळलेलं असेल तर पाणी चेंबरमध्ये उतरतं आणि नवं ऑइल वाया जातं. म्हणून जुनं ऑइल आतच ठेवा आणि आधी पाणी भरा.

रेडिएटर आणि ब्लॉकचे कॉक उघडून आतलं सगळं काढा. कॉकमधून काहीच येत नसेल तर तो गाळाने बुजला आहे, तारेने मोकळा करा. होस पाइप दाबून पाहा. बाहेरून बरा दिसणारा पाइप विदर्भाच्या तीन-चार उन्हाळ्यांत आतून कडक होतो. शंका असेल तर बदलाच. ब्लॉकच्या बाजूला ठोकून बसवलेल्या पत्र्याच्या गोल टोप्याही बघा, गंज आधी तिथून फुटतो.

भरून रात्रभर ठेवा. सकाळी चेंबरचा नट पुन्हा किंचित सैल करा. पाण्याचा थेंबही आला तर इथेच थांबा आणि इंजिन उघडा.

कोणतं पाणी? अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालणं म्हणजे आत मीठ भरणं. पूर्णेच्या खोऱ्याबाहेरही बोअरचं पाणी बहुधा जडच असतं. तपासणीपुरतं साधं गोडं पाणी चालेल. गळती नाही याची खात्री झाली की ते काढून डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट भरा.

आपल्याकडचे बरेच मिस्त्री "इथं उनं जास्त" म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. मला ते पटत नाही. इंजिन लवकर तापलंच नाही तर लायनर झिजतात आणि डिझेलही जास्त जातं. थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात टांगून गरम करा. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास उघडला तर परत बसवा, नाहीतर नवा आणा.

टप्पा ५ : ऑइल आणि त्याचा दाब

जुनं ऑइल काढा. तळाशी काळा लगदा निघत असेल तर चेंबर उतरवून ऑइल पंपाची जाळी धुवा. हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणून लोक टाळतात. पण बुजलेल्या जाळीने नवं ऑइलही वर जात नाही. नवा फिल्टर ऑइलने भरून बसवा. या इंजिनांना १५डब्ल्यू-४० ऑइल चालतं. किती, ते पट्टीवरच्या खुणेने ठरवा.

आता खरी गोम. कोरडा ऑइल पंप लगेच ओढत नाही. ऑइल प्रेशरच्या स्विचची किंवा गेजची जोडणी काढा आणि त्या भोकातून हातपंपाने स्वच्छ ऑइल आत दाबा. टॅपेटवर ऑइल झिरपताना दिसेपर्यंत दाबत राहा.

मग जोडणी परत बसवा. नोझल अजून बाहेरच आहेत, डिझेलची लाइन सुटी आहे. अशा स्थितीत सेल्फ मारायला हरकत नाही.

सेल्फची पाटी वाचा: १२ व्होल्ट की २४? २४ च्या सेल्फला एक बॅटरी पुरत नाही आणि १२ च्या सेल्फला दोन बॅटऱ्या जाळतात. गाडीच्या जुन्या वायरिंगवर विसंबू नका, उंदरांनी ती कुठे सोलली आहे ते दिसत नाही. बॅटरीपासून सेल्फपर्यंत जाड केबल थेट घ्या आणि अर्थिंग ब्लॉकच्या घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर द्या. अर्थिंग जोडताना शेवटी, सोडताना आधी.

पंधरा सेकंद फिरवा, दोन मिनिटं थांबा. कॉम्प्रेशन नसल्याने इंजिन सहज फिरेल.

तपासा: तीन-चार वेळा फिरवूनही गेजचा काटा हलला नाही तर पुढे जाऊ नका. काटाच खराब असेल असं म्हणून सोडून देणारे बरेच भेटतात. दुसरं गेज लावून खात्री करा.

टप्पा ६ : पंपाचा रॅक आणि बंद करण्याची सोय

डिझेल इंजिनाला स्पार्क नसतो. चावी काढल्याने ते बंद पडत नाही, डिझेल तोडल्यानेच पडतं. ते तोडतो पंपातला रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी सरकती दांडी. वर्षानुवर्षं उभ्या पंपात रॅक जिथे थांबला तिथेच चिकटतो. जास्त डिझेलच्या जागी चिकटला असेल तर इंजिन सुरू होताच भरारी घेतं आणि थांबत नाही. या कामातली सगळ्यात धोक्याची जागा ही आहे.

लाइन पंपाच्या बाजूचं झाकण उघडा. स्टॉपचा लिव्हर ओढा आणि सोडा. रॅक बोटाच्या जोरावर सरकला पाहिजे. झाकण उघडं असतानाच इंजिन हाताने फिरवा: प्रत्येक प्लंजर वर-खाली होतोय का? एखादा वरच राहिला तर पंप उतरवून नागपूर किंवा अकोल्याच्या पंप-नोझलवाल्याकडे न्या. स्क्रूड्रायव्हरने ठोकून तो मोकळा होतो, पण नेमकं मोजमाप जातं. नोझलही त्याच फेरीत तपासून आणा.

काही जुन्या पंपांचा गव्हर्नर (इंजिनाचा वेग आवरणारा भाग) इनटेकच्या, म्हणजे हवा आत येण्याच्या वाटेच्या, व्हॅक्यूमवर चालतो. त्यात पातळ पडदा असतो, तो वाळून फाटतो. पडदा फाटला किंवा त्याची नळी सुटली की व्हॅक्यूम मिळत नाही आणि रॅक पूर्ण डिझेलकडे जातो. अशा इंजिनात थ्रॉटलची बॉडी आणि नळी जोडल्याशिवाय सुरू करण्याचा विचारही नको.

सावध: नोझल गावातच तपासताना डिझेलच्या फवाऱ्यासमोर हात धरू नका. तो दाब कातडीतून आत शिरतो. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण आतलं मांस सडतं. तसं झालंच तर थेट दवाखान्यात, त्याच तासाला.

टप्पा ७ : डिझेल

टाकीतलं जुनं डिझेल वापरायचं नाही, गाळूनसुद्धा नाही. तळाला पाणी आणि त्यावर वाढलेला काळा बुळबुळीत थर असतो. टाकी उतरवून धुणं नंतरचं काम. पहिल्यांदा सुरू करायला टाकी लागतच नाही. स्वच्छ डिझेलचा कॅन पंपापेक्षा उंचावर घट्ट बांधा, फीड पंपाची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाची) नळी त्यात सोडा, आणि परतीची नळीही त्यातच.

दोन्ही डिझेल फिल्टर बदला. रबरी नळ्या नव्या घ्या. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक फक्त १० पीपीएम (दहा लाखांत दहा भाग) आहे. त्या डिझेलवर कधी न चाललेले जुने रबरी सील आक्रसून गळू लागतात. सुरू झाल्यावर फीड पंपाखाली ओल दिसली तर कारण बहुधा हेच.

नोझल नव्या वॉशरसह बसवा आणि हवा काढा. क्रम कॅनकडून नोझलकडे: आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा. हँड प्राइमर (हाताने डिझेल ढकलायचा छोटा पंप) मारत राहा. बुडबुडे संपून डिझेलची सलग धार आली की तो स्क्रू आवळा आणि मग पुढचा. नोझलकडचे नट एक-एक फेरा सैल ठेवा, ते शेवटी.

टप्पा ८ : पहिल्यांदा सुरू करणं

कुटाराचा ढीग आणि पऱ्हाटीच्या पेंढ्या गाडीजवळून हलवा. सायलेन्सरमधून पहिल्या मिनिटात ठिणग्या उडू शकतात. वाळूची बादली, जमल्यास अग्निशामक, जवळ ठेवा. पोरासोरांना लांब पाठवा.

माणसं किमान दोन. एक केबिनमध्ये, हात स्टॉपवर. दुसरा इनटेकच्या तोंडाशी, हातात ते तोंड पूर्ण झाकेल असा जाड प्लायवुडचा तुकडा. कापड नको, ते आत ओढलं जातं. हात तर मुळीच नको. इंजिन बेकाबू झालं आणि स्टॉपला ऐकत नसेल तर प्लाय तोंडावर दाबायचा आणि इंजिन मरेपर्यंत सोडायचा नाही. इंजिन स्वतःचंच ऑइल जाळून पळत असेल तेव्हा डिझेल तोडूनही उपयोग होत नाही, हवा तोडावी लागते. कोण काय करणार ते आधी बोलून घ्या.

सेल्फ पंधरा सेकंदांच्या हिशेबाने मारा. नोझलच्या सैल नटांतून डिझेल यायला लागलं की नट आवळा. पांढरा धूर दिसला म्हणजे डिझेल पोचतंय. अ‍ॅक्सिलरेटर निम्म्याहून कमी ठेवा.

इनटेकमध्ये पेट्रोल किंवा स्टार्टिंग स्प्रे मारायचा मोह इथे होतो. मारू नका. हीटर असलेल्या इंजिनात तो तिथेच भडकतो. नसलेल्यात रिंगा तोडण्याइतका धक्का देतो.

इंजिनाने पकडलं की नजर ऑइलच्या काट्यावर. दहा सेकंदांत दाब आला नाही तर बंद. आवाज कितीही गोड येत असला तरी बंद. दाब आला तर रेस न करता पाच मिनिटं सावकाश चालू द्या, मग बंद करून ऑइल, पाणी आणि गळती बघा. बेल्ट काढलेला आहे हे विसरू नका. बहुतेक इंजिनांत पाण्याचा पंप त्यावरच फिरतो, तेव्हा पुढच्या वेळी सुरू करण्याआधी तो चढवा.

टप्पा ९ : सुरू झाल्यानंतर

दुसऱ्या वेळी इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवा. निळा धूर पहिला अर्धा तास दिसला तर घाबरू नका, सिलिंडरमध्ये सोडलेलं तेल जळतंय. त्यानंतरही निळाच राहिला आणि ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) फुसफुस हवा येत असेल तर रिंगा चिकटलेल्या आहेत. काही तास चालल्यावर त्या कधी कधी सुटतात. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबला नाही आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट.

पहिल्या दोन-तीन तासांच्या चालण्यानंतर ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदला. त्यात गंज, एटीएफ आणि डिझेल मिसळलेलं असतं. नवं ऑइल काढून टाकायला जिवावर येतं, पण बेअरिंगपुढे त्याची किंमत काहीच नाही. टॅपेटचा गॅप इंजिन थंड असताना लावा.

क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असण्याची शक्यता बरीच. गिअर पडत नसेल तर जोर करू नका. इंजिन बंद करा, क्लच दाबून लाकडाने अडकवून ठेवा आणि रात्रभर तसंच राहू द्या. ब्रेकचे रबर, टायर आणि गिअर ऑइल बघेपर्यंत गाडी आवाराबाहेर नेऊ नका. पासिंग, विमा आणि पीयूसी झाल्याशिवाय तर डांबरी रस्त्यावर नाहीच. टाकी धुऊन परत जोडली की पहिल्या आठवड्यात डिझेल फिल्टरची वाटी रोज उघडून बघा. तळाशी लाल गाळ येत राहिला तर टाकी अजून आतून गंजलेली आहे.